एकट्याची हाक

लोक मला हमखास एकच प्रश्न विचारतात. कुठल्या जातीचं कुत्रं सगळ्यात हुशार? विचारणाऱ्याच्या हातात पट्टा असतो, पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला त्याचं स्वतःचं कुत्रं असतं आणि त्याला माझ्या तोंडून त्याच कुत्र्याचं कौतुक ऐकायचं असतं. मी ते करत नाही. गोड बोलणं मला फौजेतही जमलं नाही आणि पेन्शनीत आल्यावर ते शिकायची गरज उरलेली नाही.

फौजेत मी कुत्री शिकवायचो. हवालदार म्हणून बाहेर पडलो, पण आमच्या साताऱ्याकडच्या गावांत फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो, तसा मीही झालो. रविवारी सकाळी साताऱ्यातल्या एका मैदानावर मी कुत्र्यांचा वर्ग घेतो. खरं तर तो मालकांचा वर्ग असतो. कुत्री लवकर शिकतात.

लॅब्रॅडॉर पोटानं शिकतो. खिशात बिस्किट आहे तोवर तो तुमचा पट्टशिष्य. अल्सेशियन तुमच्या तोंडाकडे बघत शिकतो, आणि तुम्ही उगाच ओरडलात तर ते बरेच दिवस मनात ठेवतो. डॉबरमनला गोष्ट एकदा सांगितली की पुरते, पण सांगणारा घाबरट असला तर तोही घाबरट होतो. पॉमेरेनियन काही शिकत नाही, तो घरादाराला शिकवतो. गावठी कुत्र्याला सगळं कळतं, गावातलं राजकारणसुद्धा. ऐकायचं की नाही ते मात्र तो स्वतः ठरवतो. कळणं आणि ऐकणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मी रविवारी जीव तोडून सांगतो. कोणी मनावर घेत नाही. मी तरी कुठं घेतलं होतं?

कारवानी कुत्र्याबद्दल फौजेतल्या आमच्या उस्तादांचं मत ठरलेलं होतं. उंच, पोट पाठीला लागलेलं, लांब तोंडाचं हे शिकारी कुत्रं. उस्ताद म्हणायचे, “इसका दिमाग टांगों में है.” मला ते कधी पटलं नाही. घरी गेलो की एक कारवानी पाळायचा आणि त्याला लॅब्रॅडॉरसारखा शिकवून दाखवायचा, हे मी नोकरीत असतानाच मनाशी धरलं होतं.

तो मला जतकडे मिळाला. बायकोच्या माहेरच्या एका लग्नाला गेलो होतो. तिथून जवळच एका धनगराचा मेंढवाडा होता आणि त्याच्या कुत्रीला पिल्लं झाली होती. पिल्लू विकायची त्यांच्यात पद्धत नाही. मी टॉवेल-टोपी आणि नारळ दिला, त्यानं डाव्या कानाला खाच असलेलं एक पिल्लू माझ्या हातात दिलं. मेंढ्यांशी तो कानडीत बोलत होता, माझ्याशी मराठीत.

“ह्येला हाक एकट्याची लावा,” तो म्हणाला. “घरात धा माणसं असूं द्यात. हाक एकाचीच.”

मग त्यानं शीळ घातली आणि लांब ओढ्याकाठी असलेली त्याची तिन्ही कुत्री वळली. शेजारी त्याचा सख्खा भाऊ उभा होता, त्यालाही त्यानं शीळ घालायला लावली. कुत्र्यांनी मान वर केली, बघितलं आणि पुन्हा खाली घातली.

“आणि उद्या तुमाला काय झालं तर?” मी विचारलं.

“मंग कुत्रीबी माझ्यासंगं गेली म्हणायचं.”

मी हसलो. अडाणी माणूस, असं मनात म्हणालो. फौजेत याच्या बरोबर उलटं चालतं. हँडलर सुट्टीवर जातो, आजारी पडतो, पेन्शनीत जातो. ड्यूटी थांबत नाही. म्हणून कुत्र्यानं हुकूम ऐकायचा, माणूस बघायचा नाही. मी निवृत्त झालो त्या दिवशी माझ्या लॅब्रॅडॉरचा पट्टा नव्या पोराच्या हातात दिला. तो ‘हील’ म्हणाला आणि माझं कुत्रं त्याच्या डाव्या गुडघ्याला लागून चालत गेलं. एकदाही मागं वळलं नाही. शिकवणं चोख होतं याचा अभिमान वाटला, असं मी गावात सांगत आलो. ते वळेल म्हणून मी किती वेळ बघत उभा होतो ते कोणाला सांगितलं नाही.

तर मी या पिल्लाला फौजेच्या पद्धतीनं शिकवलं. त्याचं नाव इथं सांगत नाही. आता त्या नावानं आणखी कोणी हाक मारावी असं मला वाटत नाही.

शिकवायला दुसरा माणूस लागतो. हुकूम देणारा आवाज बदलायला हवा, नाहीतर कुत्रं आवाजाला शिकतं, शब्दाला नाही. दुसरा माणूस माझ्याकडे होताच. पहिलीपासून आम्ही एका बाकावर बसलो. भरतीलाही एकत्र गेलो. मी घेतला गेलो, तो छातीच्या मापात बसला नाही. पुढं त्यानं साखर कारखान्याच्या गेटवर नोकरी केली. वर्दी तिथंही होती, पण ती वर्दी आणि फौजेची वर्दी यातला फरक त्याला आयुष्यभर बोचला. मी सुट्टीवर आलो की तो माझे बूट हातात घेऊन बघायचा. मी त्याला म्हणालो, “उद्यापास्नं तू येत जा. निम्मे हुकूम तुझे.” त्याच्या तोंडावर जो आनंद दिसला तो मी विसरलेलो नाही. विसरता आला असता तर बरं झालं असतं.

रोज सकाळी आम्ही ओढ्यापलीकडच्या मोकळ्या रानात जायचो. सुरुवातीचे महिने कुत्र्यानं आम्हाला रडवलं. ‘सिट’ म्हटलं की तो आधी आमच्याकडे बघायचा, मग रानाकडे, आणि बसण्यात काही अर्थ आहे का याचा विचार करायचा. लॅब्रॅडॉर ‘काय मिळेल’ असं विचारतो. कारवानी ‘कशाला’ असं विचारतो. पण एकदा पटलं की पटलं. दोन वर्षांत तो ‘सिट’, ‘हील’, ‘सर्च’ सगळं करायला लागला. पुढचा उजवा पाय कानाशी नेऊन सॅल्यूट करायला लागला. सगळ्यात पक्का केला तो ‘स्टे’. जागचा हलायचं नाही. पुढ्यातनं ससा गेला तरी नाही, कोणी पट्टा ओढला तरी नाही. आणि स्टे ज्यानं दिला असेल त्यानंच ‘फ्री’ म्हणून सोडवायचा. यासाठी आम्ही आळीपाळीनं स्टे द्यायचो. एक देणार, दुसरा पट्टा ओढणार. कुत्रं पाय रोवून बसायचं आणि आम्ही दोघं पोरांसारखे हसायचो.

इस्लामपूरच्या एका कृषी प्रदर्शनात आम्ही त्याला घेऊन गेलो. कारवानी सॅल्यूट करतोय म्हटल्यावर ट्रॅक्टर बघायला आलेली माणसं इकडं वळली. तिथं विट्याचा एक गलाईवाला भेटला. सोनं-चांदी गाळायचं त्याचं दुकान लांब दक्षिणेत होतं, विट्यात नवा बंगला बांधलेला, घरात म्हातारे वडील एकटे. त्याला हा कुत्रा हवा होता. मी म्हणालो, “दुसरा शिकवून देतो. ह्यो न्हाई.” त्यानं पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. माझा मित्र शेजारी उभा राहून कुत्र्याचं डोकं खाजवत होता.

त्यानंतर महिनाभरानं मी डोळे तपासायला साताऱ्याला गेलो. बायको रानात गेली होती. संध्याकाळी परत आलो तर अंगणात कुत्रा नव्हता. खिळ्यावर पट्टाही नव्हता.

मित्र हाकेसरशी धावत आला. तीन दिवस आम्ही उसाचे फड पालथे घातले. पुढं तो, मागं मी. तो कुत्र्याच्या नावानं असा कळवळून हाका मारायचा की मला त्याचीच दया यायची. आमच्याकडे हल्ली उसात बिबटे असतात, तेव्हा तिसऱ्या दिवशी बांधावर बसून तो म्हणाला, “गड्या, बिबट्यानं न्हेला आसंल. मन घट कर.”

“आन पट्टा?” मी म्हणालो. “बिबट्या खिळ्यावरनं पट्टा काढून न्हेतोय व्हय?”

“तूच कुटंतरी ठेवला आसशील. डोळ्यात औषध घातल्यालं तुज्या.”

मला ते पटलं. बॉम्बचा वास काढणारी कुत्री घडवणारा माणूस मी, आणि माझ्या नाकासमोरचं मला कळलं नाही. त्या दिवशी तो आमच्याकडेच जेवला. बायकोनं त्याला आग्रहानं दुसरी भाकरी वाढली, कारण बिचाऱ्यानं तीन दिवस काही धड खाल्लं नव्हतं. ही भाकरी आजही माझ्या डोक्यातून जात नाही.

दोन महिन्यांनी रविवारच्या वर्गात एका डॉक्टरीणबाईंनी मला मोबाईल दाखवला. त्यांचा लॅब्रॅडॉर माझ्याकडे शिकतो. “सर, बघा, तुमच्या कुत्र्यासारखाच सॅल्यूट करतो हा,” त्या म्हणाल्या. संगमरवरी पायऱ्या, पायऱ्यांवर उंच कारवानी, डाव्या कानाला खाच. व्हिडिओ कोणी काढला ते दिसत नव्हतं, पण त्यात ‘सिट’ म्हणणारा आवाज मी पहिलीपासून ऐकत आलो होतो. आणि असा बंगला असलेला, हाच कुत्रा मागणारा माणूस मला एकच माहीत होता.

दुसऱ्याच दिवशी रहिमतपूर, पुसेसावळी करत मोटारसायकलवरून विटा गाठलं. फाटकातूनच कुत्र्यानं मला पाहिलं आणि कुईं कुईं करत अंगावर आला. मी तिथंच फरशीवर बसलो. गलाईवाल्याचे वडील बाहेर आले. सभ्य माणूस. मला खुर्ची दिली, चहा मागवला.

“आवं, तुमच्या मित्रानंच आणून दिला,” ते म्हणाले. “मेजरनं खुशीनं पाठवलाय म्हनाला. हुकूमबी त्यानंच शिकिवलं मला, फुडल्या आठवड्यात दोन दिस हितं ऱ्हाऊन.”

मी खरं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, “मुक्या जिवाच्या बाबतीत आसं पाप आमाला नगं. घेऊन जावा.” पट्टा त्यांनी स्वतः आणून दिला, तोच, माझ्या खिळ्यावरचा. मी निघताना त्यांच्या तोंडून सहज निघून गेलं, “लय गुणी हाय. पैल्या दिसापास्नं माझ्यासंगं आसाच आला बगा, काय तरास न्हाई.”

त्यांना चांगलंच म्हणायचं होतं. मला ते लागलं. मी समजत होतो, दांडगाईनं बांधून नेला असेल, तोंडाला मुसकी घातली असेल, भुंकला असेल, चावला असेल. तसं काही झालंच नव्हतं. मित्र अंगणात आला, ‘हील’ म्हणाला आणि माझा कुत्रा त्याच्या डाव्या गुडघ्याला लागून चालत गेला. शेजारपाजारी बघणारं कोणी नव्हतं, आणि असतं तरी त्यांना काय दिसलं असतं? रोजच्यासारखेच ते दोघं.

कुत्रा घरी आल्याचं गावात लगेच कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला घेऊन फाटकाबाहेर पडलो तर समोर मित्र उभा. मी न बोलता वळलो. कुत्रा मात्र त्याच्याकडे झेपावला, शेपूट हलवत, तोंड चाटायला. मला कुत्र्याचा इतका राग कधीच आला नव्हता. मी पट्टा ओढला.

“स्टे,” मित्र म्हणाला.

कुत्रा बसला. मी ओढलं. त्यानं पाय रोवले. मी जोरात ओढलं. त्याचं अंग थरथरत होतं, माझ्याकडे बघत होता, पण जागचा हलला नाही.

“ऐकून तर घे माझं, मेजर,” मित्र म्हणाला. “येवडंच ऐक, मग काय करायचं त्ये कर.”

कुत्र्याला उचलून घरात नेता आलं असतं. पण स्टे मोडला की कुत्र्याच्या दोन वर्षांवर पाणी पडतं, आणि इतक्या रागातसुद्धा ते माझ्या हातून होईना. म्हणून मी उभा राहिलो आणि मला ऐकावं लागलं. त्याचा जावई वर्षभर घरी बसून होता. लेक माहेरी येऊन राहिली होती. गलाईवाल्यानं जावयाला दुकानात लावून घ्यायचं कबूल केलं, कुत्रा आणून दिला तर. “तुला दुसरा मिळल, तू शिकिवशीलबी. माझ्या लेकीला दुसरा संसार कुटला मिळणार हुता रं?” मग म्हणाला, “मागून बघितला आसता, तर तू न्हाई म्हनला आसतास.”

म्हणालो असतो. कदाचित. पण उसात कोणासाठी हाका मारत होतास, माझ्या घरची भाकरी कशी उतरली घशाखाली, हे मला विचारायचं होतं. त्याचे डोळे भरले होते. कुत्रा आम्हा दोघांच्या मध्ये बसून एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. त्याच्या लेखी आम्ही रानात शिकवायलाच उभे होतो.

शेवटी मला बोलावंच लागलं.

“सोड त्याला,” मी म्हणालो.

“फ्री,” तो म्हणाला, आणि कुत्रा उठून माझ्याकडे आला.

या गोष्टीला दीड वर्ष होऊन गेलं. त्यानंतर मी मित्राशी बोललेलो नाही. मी आता कुत्र्याला एकट्याची शीळ शिकवतो आहे, पण मोठ्या कुत्र्याच्या डोक्यातून शिकलेलं काढून टाकायची विद्या मला येत नाही. रोज सकाळी आम्ही मित्राच्या दारावरून जातो. कुत्रा तिथं थांबतो, दाराकडे बघून शेपूट हलवतो, वाट बघतो. मी पट्टा ओढत नाही. मीही थोडा वेळ थांबतो.