वेल उपटणारी बाई

अमेरिकेत वेस्ट विंडसरला आमच्या अपार्टमेंटमागे ओक आणि बीचच्या झाडांचं छोटंसं रान होतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी नुकतीच लग्न होऊन आलेली, ओळखीचं कुणी नाही. नवरा ऑफिसला गेला की मी रानात फिरायची.

तिथे सत्तरीची एक गोरी बाई रोज गुडघ्यांवर बसून एक वेल उपटत असायची. तिचे हात थरथरायचे. मुळाला धरलं की मात्र स्थिर व्हायचे. प्रत्येक मूळ ती तीनदा झटकायची. रानाची माती रानातच राहायला हवी ना!

एकदा मी धीर करून विचारलं, "हा वेल का काढता?"

"बाहेरचा आहे. जपानमधून आलाय."

"मीही बाहेरचीच," मी म्हटलं. थट्टेनंच म्हणायचं होतं, पण हसू काही आलं नाही.

तिचा हात थांबला. "कुठून आला म्हणून नाही गं काढत. तो शेजारच्या रोपांचा उजेड अडवतो. तू अडवतेस कुणाचा उजेड?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मग बस इथे." तिनं एक हातमोजा काढून मला दिला.

एकेका हातमोज्यावर आम्ही दुपारपर्यंत खपलो. मी चुकून रानातलंच एक रोप उपटलं. न रागावता तिनं ते परत लावलं आणि लेकराला थोपटावं तशी माती थोपटली. नावं विचारायचं दोघींनाही सुचलं नाही.

संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं, "नखांत एवढी माती कसली?"

"मलाही काम मिळालंय," मी म्हटलं, "उद्या लवकर जायचंय."