आईबाबांचं जोडीचं चित्र

आईबाबांचा एकत्र फोटो आमच्या घरात नव्हताच. रोहण्यात त्यांचं लग्न लागलं तेव्हा फोटोवाल्याला सांगितलं होतं म्हणे, पण तो फिरकलाच नाही. मी अकरा महिन्यांची असताना बाबा तापाने गेले. मागे राहिला नोकरीच्या अर्जावरचा एक काळापांढरा फोटो, कोपऱ्यात शिक्क्याचा अर्धा गोल असलेला. आईने तो पेटीत जपला आणि कधी काही मागितलं नाही. मागच्या उन्हाळ्यात मात्र गहू निवडता निवडता एकदम म्हणाली, "मले एकदा त्यायच्या बाजूले बसलेलं पाहाचं हाये."

आम्ही मायलेकी बोरगाव मेघेला राहतो. शेजारणीने तिच्या मेलेल्या कुत्र्याचं रंगीत पेन्सिलींनी चित्र काढून घेतलंय, इतकं हुबेहूब की नवे पाहुणे दारातच थबकतात. तिच्याकडून पत्ता घेतला आणि आईला नालवाडीला चित्रकार बाईंकडे नेलं.

बाईंच्या खोलीत खिडकीतून मऊ उजेड येत होता. भिंतीवर कुणाचा तरी पोळ्याला सजवलेला बैल होता, आणि एक मांजर, जिचे अजून फक्त डोळेच झाले होते. बाईंनी बाबांचा फोटो भिंगातून पाहिला आणि विचारलं, "रंग कसा होता यांचा?"

आईने डोळे मिटले. "भाजल्या शेंगदाण्यावानी. सदरा बदामी."

बाई कागदाच्या तुकड्यावर एकावर एक पेन्सिली फिरवत राहिल्या, आणि आई डोळे उघडून म्हणायची, अजून थोडं काळं, अजून थोडं. मग तिने तुकड्यावर बोट ठेवलं. तोच रंग होता. माझ्या बापाचा रंग मला सेहेचाळिसाव्या वर्षी कळला, आणि मी वेड्यासारखी त्या तुकड्याकडे बघत बसले.

"मले पांढऱ्या साडीत काढजो," आई म्हणाली. बाई अडखळल्या. त्यांच्या घरी पांढरी साडी म्हणजे विधवेची. नवऱ्याशेजारी पांढऱ्या साडीतली बायको काढायला त्यांचा हात धजेना. "हिरवी काढू का मावशी? जरीची?"

"आमच्या बौद्धांत लग्न पांढऱ्या साडीतच लागते, बाई."

बाई ओशाळून हसल्या. मग म्हणाल्या, पांढरं काढावं लागतच नाही, तिथे कागद मोकळा सोडायचा आणि नुसत्या चुण्यांच्या सावल्या भरायच्या.

खरी पंचाईत पुढेच होती. बाबा सत्तावीस वर्षांचे आणि आई सत्तरीची. होती तशी काढली असती तर ती त्यांची आईच दिसली असती. तिच्या तरुणपणाचा एकही फोटो नाही. बाईंनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "ताई, तुम्ही अगदी मावशींवर गेल्या आहात. तुम्ही बसा, मी वीस वर्षं कमी करते." वीस वर्षं कमी होणार म्हटल्यावर मी कशाला नाही म्हणते? आईही म्हणाली, "बस ना मंग."

चार रविवार मी त्या खिडकीपाशी बसले. शेजारी एक रिकामं स्टूल ठेवलं होतं. "जरा सैल बसा, नवरा आहे बाजूला," बाई म्हणायच्या आणि मी लाजून स्टुलाकडे झुकायची. पेन्सिलींची बारीक खरखर चालू असायची. मग डोळे जड व्हायचे, आणि त्या गुंगीत स्टूल रिकामं वाटायचं नाही. बदामी सदऱ्याची बाही माझ्या दंडाला लागायची. मी हललेच नाही कधी. बाई म्हणाल्या, इतकं स्थिर कोणी बसत नाही.

चित्र घरी आणलं तेव्हा आईने ते दाराच्या उजेडात धरलं. आधी बाबांकडे पाहिलं, खूप वेळ. मग शेजारच्या पांढऱ्या साडीकडे.

"हे मी नोय," ती म्हणाली. "हे डोये तुये हायेत."

मला रडू आलं, आणि चीडही. तिने जन्मात एकच गोष्ट मागितली होती, आणि त्या जागेवर मीच जाऊन बसले होते. "आण इकडे, बदलून आणते," मी म्हणाले. "बाई डोळे दुरुस्त करतील."

तिने चौकट सोडली नाही. पदराने काच पुसली, आधी बाबांवरून, मग माझ्यावरून.

"काऊन बदलवतं?" ती म्हणाली. "मी तीन वर्षं बसली त्यायच्या बाजूले. तू कुठी बसली होती? राहू दे. आता तू बस."