एकतिसावा लेख

नाही गं, टायपिस्ट नव्हती ती, ते खोड आधी. टाइप काय कुणीही करतं. तुझी आत्या, म्हणजे माझी थोरली लेक, त्या संशोधनाच्या संस्थेत याद्या करायची. सगळे तिला यादीबाईच म्हणत. असं लिही.

ही शिकलेली माणसं लेख लिहितात ना, त्याच्या शेवटी एक यादी असते. कुठली गोष्ट आपल्या आधी कुणी सांगितली, कुठल्या मासिकात, कुठल्या साली, कितव्या पानावर. आपण नाही का म्हणत, "मी नाही बाई, शेजारीण म्हणत होती"? तसंच ते. फक्त तिथं शेजारणीचा पत्ता द्यावा लागतो.

आणि त्या मासिकांचे नखरे! जावयाचे परवडले. एकाला साल कंसात हवं, दुसऱ्याला शेवटी. एकाला आडनाव आधी, एकाला नाव. कुणी म्हणे तीनच नावं लिहा नि पुढं 'आणि इतर'. एका मासिकानं लेख परत पाठवला की तिथले थोरले शास्त्रज्ञ, मोठे सर, तिच्या दारात उभे राहायचे. "यादीबाई, घर बदललं." मग शंभर जणांचे अंगरखे उतरवा नि दुसरे चढवा. ती करायची बिचारी, डोळ्यात तेल घालून. सव्वीस वर्षं.

तिची खोली दुसऱ्या मजल्यावर, व्हरांड्याच्या टोकाला. एका बाजूला घरघरणारा फ्रीज, दुसऱ्या बाजूला कार्डांची लाकडी कपाटं, एका लेखाला एक कार्ड, मधे ती. फ्रीजमध्ये काय, तर सोंडे! धान्यातले किडे गं. मोठे सर जन्मभर सोंड्यांवरच लिहीत होते. मी एकदा म्हटलं, "त्यात काय शिकायचं? उन्हात टाकलं की पळतात." तर आत्या म्हणते, "आई, याला पुरावा लागतो." म्हटलं, "माझं सूप घेऊन जा, तोच पुरावा."

तर झालं काय, संस्थेनं कॉम्प्युटरात एक प्रोग्राम आणला. तो म्हणे यादी आपली आपण लावतो. खऱ्या नावापुढं हिरवी खूण, खोट्यापुढं लाल. संचालक म्हणाले, "मग यादीबाई कशाला?" मोठे सर मधे पडले. शेवटी ठरलं, सरांच्या नव्या लेखाची यादी दोघांनी करायची, यादीबाईनं नि प्रोग्रामनं. ज्याची बिनचूक, तो राहील.

आता इरेला पेटली ती. कधी केलं नव्हतं ते केलं. यादीतला प्रत्येक मूळ लेख काढून डोळ्यानं बघायचा, असं ठरवलं. एकशे आठ लेख! एकशे सात सापडले. एकतिसावा काही सापडेना.

गेली ग्रंथालयात. तिथले काका म्हातारे, पण तरतरीत. त्यांनी त्या मासिकाचा जुना बांधीव ठोकळा काढला, फुंकर मारली, पान दोनशे बारा उघडलं. आणि म्हणाले, "यादीबाई, इथं तर काचेच्या बरण्यांना झाकण घट्ट कसं बसवावं, ते लिहिलंय."

"आणि सोंडे?"

"औषधालासुद्धा नाहीत."

आत्या तडक खोलीत आली, सगळ्यात जुना कप्पा ओढला. कार्ड निघालं, तिच्याच हातचं, नोकरीच्या पहिल्या महिन्यातलं. धान्य साठवणीच्या कुठल्याशा पुस्तकामागच्या यादीतून उतरवताना नजर ओळीवरून घसरलेली. नाव पोत्यांवर लिहिणाऱ्या डॉक्टरचं, मथळा खालच्या ओळीतला सोंड्यांचा, पान त्याच्या खालच्या बरण्यांचं. तीन घरची माणसं एका घरात कोंबलेली. असा लेख कुणी लिहिलाच नव्हता गं. हिच्या पेनातून जन्मला होता तो.

सरांनी तो तेव्हा आपल्या लेखात घातला. सरांचा बघून दुसऱ्यानं, त्याचा बघून तिसऱ्यानं. मेंढरामागून मेंढरू. आत्यानं शोधलं तर एकशे त्रेचाळीस लेखांत हा एकतिसावा बसलेला! कुणी लिहिलेलं, "अत्यंत सखोल." कुणी, "पाया घालणारा." आणि एक दीडशहाणा तर म्हणतो, "या लेखात सोंड्यांची संख्या फारच कमी घेतली आहे." हसावं की रडावं, तिला कळेना. आणि प्रोग्रामनं काय केलं? एवढ्या ठिकाणी नाव दिसतंय म्हटल्यावर दिली हिरवी खूण.

ती कार्ड घेऊन सरांकडं गेली.

"सर, एकतिसावा तुम्ही वाचलाय?"

"म्हणजे काय! जुना आहे, पण उत्तम लेख."

"कुठं वाचलात?"

"अहो... तुम्हीच आणून दिला असेल."

"दिला मीच, सर. लिहिलाही मीच." आणि कार्ड ठेवलं टेबलावर.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. कार्ड काही बदललं नाही. मग हळू आवाजात म्हणाले, "यादीबाई, एका ओळीपायी एवढ्या माणसांना तोंडघशी पाडणार? उद्या निकाल आहे तुमचा. राहू द्या."

"पण तो लेख नाहीये, सर."

"नाहीये तर नाहीये. कुणाला नडलाय का तो?"

घरी येऊन मला सांगितलं. खरं सांगते, मीसुद्धा म्हटलं, "पोटात ठेव. आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा कशाला?" तर म्हणाली, "आई, मला दुसरं काय येतं गं? कोण काय म्हणालं, ते खरं सांगायचं, एवढंच ना?"

दुसऱ्या दिवशी तिनं एकशे सात नावांची यादी दिली, वर चिठ्ठी जोडली: एकतिसावा लेख अस्तित्वात नाही, ती चूक माझी. संचालकांनी दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. प्रोग्रामच्या सगळ्या खुणा हिरव्या. हिच्या यादीत एक नाव कमी, नि वर चुकीची कबुली. म्हणाले, "बाई, हिशेब सरळ आहे. तो बिनचूक, तुमची एक चूक. आणि तीही तुम्हीच लिहून दिलीत."

झालं. गेली नोकरी.

निरोपाच्या वेळी मोठे सर बोलायला उठले. म्हणाले, "यादीबाईंनी सव्वीस वर्षांत एकही चूक केली नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ग्रंथालयातले काका तेवढे वाजवेनात. सरांचा लेख छापून आला, एकतिसाव्यासकट.

गप्प बसेल तर ती माझी लेक कसली. तिनं मासिकाला पत्र धाडलं, की हा लेख खोटा आहे, काढा. त्यांचं उत्तर आलं, मोठं गोड. "आपण म्हणता त्याला आधार काय? हे कुठं छापून आलं असल्यास साल आणि पान कळवावं."

आता कुठलं साल नि कुठलं पान! परवा तिनं परत मोजलं, तर एकशे त्रेचाळीसचे एकशे एकावन्न झालेत.

म्हणून हे लिहवून घेतेय. वाचणाऱ्यांनो, तुमच्या नात्यात, ओळखीत कुणी सोंड्यांवर लिहिणारा असेल, तर त्याला माझा एवढा निरोप द्या: बाबा, दोनशे बारा पानावर बरण्यांची झाकणं आहेत. एकदा जाऊन बघ, नि तो एकतिसावा तेवढा खोड.