निळ्या फेट्याच्या गड्याचे डोळे

मुदतीचा ताप भरायच्या आधी माझा पोरगा खामगावला मामाकडे राहून आला होता. तिथं बाजारातल्या एका दुकानात नवीनच व्हिडिओ गेम आलेला. नाणं टाकलं की काचेमागं एक गडी आगीच्या खड्ड्यांवरून उड्या मारत पळतो. आल्यापासून घरात दुसरं बोलणंच नाही. मग ताप आला. चिखलीच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, पातळ खायला घाला म्हणाला, आणि "मुदत भरल्याशिवाय उतरत नसतो, जपा" असं सांगून मोकळा झाला. जपा म्हणजे करायचं काय, ते काही बोलला नाही मेला.

पोरानं एकच धोशा लावला, "आई, मले तो गडी काढून दे."

जुन्या कॅलेंडरची कोरी बाजू घेतली. गेरू, नीळ, काजळ. माझा हात बरा होता; नागपंचमीला गल्लीतल्या अर्ध्या भिंती मीच रंगवायची. डोक्याला निळा फेटा काढला तर म्हणतो, "फेटा नाही वं, लोखंडाचं टोपडं होतं!"

"माह्या दुकानात फेटाच भेटते. घ्यायचा त घे."

हसला. म्हणाला, "तीन काढ. त्याले तीन जीव रायतात. तिन्ही गेले की खेळ खतम." दोन काढून उशाशी भिंतीला चिकटवले, तिसरा उद्या म्हटलं.

संध्याकाळी ताप फणफणला. जरा उतरल्यावर त्यानं भिंतीवरचं एक चित्र ओढून काढलं. "हा मेला, आई."

"तोंड सांभाळ बे! काय अभद्र बोलतं!" मी एवढी ओरडले की सासूबाई धावत आल्या. "पोराच्या उशाशी हे काय सोंग लावलं वं? घाल चुलीत." चुलीत कसं घालू? माझ्या हातानं?

दुसऱ्या दिवशी ताप पुन्हा चढला आणि दुसरं चित्र गेलं. "आता एकच राह्यला," तो म्हणाला, टोपलीत एकच पेरू उरला म्हणावं तसं. "अन् तो बी तू काढला नाही."

मी देव मानणारी आहे, पण खुळी नाही. तरी सांगते, तिसरा गडी काढायला मी भ्याले. माझ्या माहेरची रीत अशी, की चित्राचे डोळे सगळ्यात शेवटी, हात धुऊन काढायचे. तोवर ते नुसते रंग. डोळे काढले की ते जितं झालं. मग त्याला नैवेद्य दाखवायचा आणि एक दिवस त्याची पाठवणीही करायची. पहिल्या दोघांना डोळे होते; म्हणून तिसरा गडी मी अख्खा काढला आणि डोळे ठेवले कोरे. जीवच नाही, तर जाणार काय? केवढी हुशार समजत होते मी स्वतःला!

दुपारी त्यानं ते चित्र बराच वेळ पाहिलं. त्याच्या कोऱ्या डोळ्यांवर बोट ठेवलं.

"आई, हा आंधळा हाय. याले खड्डा कसा दिसन?"

"दिसते त्याले. नीज तू."

"नाही दिसत! तो पडन! मी पडन, आई!" अंग तव्यासारखं तापलेलं, आणि पोर दोन्ही हातांनी खाट चाचपत होतं.

चुलीत घाल म्हणणाऱ्या सासूबाईंनीच काजळाची डबी आणून दिली. "काढ डोळे."

"मी नाही काढत."

"काढ म्हणते ना! पोरगं भेवानं मरन!"

हात धुतले. काडीला कापूस गुंडाळला. एक डोळा काढला. दुसऱ्यापाशी हात पुढं जाईना. देवा, याचं काय व्हायचं ते माझं होऊ दे, असं मोठ्यानं बोलले आणि टेकवला बोळा. डोळा मोठा झाला, तिरपाही.

"आता पाह्यते तो," पोरगा म्हणाला आणि त्यानं डोळे मिटले.

मी त्याच्या छातीवर हात ठेवून बसले. ऊन उतरायला लागलं तसा त्याचा सदरा भिजला. कपाळ गार लागलं. मग हात गार, पाय गार. तापलेलं अंग एकाएकी गार पडलं की आमच्याकडं बायका काय समजतात, ते वेगळं सांगायला नको. मी त्याला गदागदा हलवलं. हाका मारल्या. सासूबाई देवापुढं जाऊन बसल्या.

त्यानं डोळे उघडले, कपाळाला आठ्या घालून. "काऊन हालवून राह्यली? भूक लागली मले. भाकर दे."

मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. चांगला जोरात. काडीसारखं झालेलं पोर कलंडलंच.

"येडी झाली का वं!" सासूबाई ओरडल्या.

पोरगा रडलासुद्धा नाही. "मले काऊन मारलं?"

मी त्याला पोटाशी घट्ट धरलं. तो "सोड वं, भूक लागली" म्हणत राहिला, तरी सोडलं नाही.