बारावीचं गणित आणि तेवीस टिंबं

वीसपैकी सोळा प्रती पान चाळीसनंतर कोऱ्या होत्या. पुस्तक मिटून आडवं धरलं की हे कळतं. जिथवर वाचलं आहे तिथवर पानांची कड बोटांनी मळलेली दिसते, पुढे पांढरी. मी ग्रंथालयाच्या टेबलावर पट्टी घेऊन बसले होते. तीन प्रती उघडल्याच नव्हत्या. राहिली एक. ती मळलेली होती फक्त पान बावन्नपर्यंत, पण एक्केचाळीस ते बावन्न ही पानं जवळजवळ काळी झाली होती आणि बांधणी तिथेच सैल पडली होती.

मी सेलूच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला गणित शिकवते. आमच्याकडे बुक बँक आहे. म्हणजे बोर्डाच्या पुस्तकाशिवाय दोन्ही वर्षांना चालणारं, वरच्या पातळीचं एक संदर्भ पुस्तक मुलांना वर्षभर वापरायला देतात आणि उन्हाळ्याच्या सुटीनंतर परत घेतात. ते पुस्तक मी निवडते. मी तक्ता करते. एकूण उदाहरणं किती, त्यात अवघड किती, मागच्या उत्तरांत चुका किती. चुका शोधायला दोनशे उदाहरणं स्वतः सोडवते. गेल्या वर्षी जे पुस्तक निवडलं, ते तिन्ही रकान्यांत पहिलं आलं होतं.

काळ्या पानांची प्रत अश्विनीची होती. हिंगणीची मुलगी, घरी भाजीपाल्याची शेती. दहावीला गणितात शंभरापैकी सत्त्याण्णव. अकरावीत शेवटच्या बाकावर, गप्प.

दुसऱ्याच दिवशी ती वडिलांना घेऊन स्टाफरूममध्ये आली. हातात विषय बदलाचा अर्ज होता. गणित सोडून भूगोल. मुदत शनिवारपर्यंत.

"काऊन गं?" मी तिच्याच बोलीत कारण विचारलं.

"मले नाई जमत, मॅडम."

वडील दाराशीच उभे होते. त्यांना खुर्ची दिली तर टेकल्यासारखे बसले. "मले काई समजत नाई यातलं. सही कराले बलावलं तिनं, आलो. पण मॅडम, हे पोरगी वांगे मोजता मोजता पाढे म्हने. आता पुस्तक उघडलं का रडते. तुमीच पाहा."

"बाबा, तुमी गप बसा न," अश्विनी म्हणाली.

मी तिची प्रत पुढे ठेवली आणि कुठे अडलं ते दाखवायला सांगितलं. तिला शोधावं लागलं नाही. पुस्तक आपोआप पान एक्केचाळीसवर उघडलं.

तिथे लिमिटचं एक सोडवलेलं उदाहरण होतं. लिमिट म्हणजे एखाद्या किमतीच्या अगदी जवळ जाताना उत्तर कुठे टेकतं ते पाहणं. अपूर्णांकात वर वर्गमूळ, खाली नुसता एक्स. एक्सच्या जागी शून्य घातलं तर वर शून्य, खाली शून्य, काहीच हाती लागत नाही. पुस्तकात पहिली ओळ होती, मग 'थोड्या आकडेमोडीनंतर' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द आणि थेट उत्तर, एक चतुर्थांश. तिने वही काढली. ते एकच उदाहरण तिने अकरा वेळा लिहिलं होतं. अकराही वेळा दुसऱ्या ओळीत थांबली होती.

"वर्गमूळ घालवायला आपण नववीत काय करत होतो?" मी विचारलं.

"परिमेयीकरण."

"मग कर की."

"पण ते तं छेदात करतात न, मॅडम? इथं तं वर्गमूळ वर हाय."

"वर करायला कोणी मनाई केली आहे?"

"अंशात बी चालते?"

"चालते."

तिने तिथेच, टेबलाच्या कोपऱ्यावर, उभ्याउभ्याच चार ओळी लिहिल्या आणि एक चतुर्थांश काढलं. मग पेन खाली ठेवलं. मला वाटलं ती हसेल. तिचे डोळे भरून आले.

नववीची सगळी पुस्तकं, आणि त्यांतून शिकवणारे आम्ही सगळे, छेदाचंच परिमेयीकरण करून घेतो. तेही इतक्या वेळा, की मन लावून शिकलेल्या मुलाला तो नियमच वाटतो. कंटाळा करणाऱ्याला वाटत नाही. ही चूक हुशार मुलांची आहे, आणि ती मला बावीस वर्षांत दिसली नव्हती.

"अगं, वर्षभर विचारलं का नाहीस?"

"मले वाटलं माहंच डोकं कमी हाय. पुस्तकात चूक नसन न, मॅडम. तुमी निवडलेलं होतं."

पुस्तकात चूक खरंच नव्हती. मीच दोनशे उदाहरणं तपासली होती. अशी गाळलेल्या ओळींची जागा मी दोनशेपैकी कितीदा मनातल्या मनात भरली असेल, याची मात्र नोंद नव्हती.

वडील सहीसाठी पेन शोधत होते. मी म्हटलं, "शनिवारपर्यंत थांबा. सही तेव्हाही करता येईल."

माझी पुस्तकांची यादी त्याच आठवड्यात द्यायची होती. टेबलावर तीन पुस्तकं होती. गेल्या वर्षीचं, एक सगळं पायरी-पायरीने सोडवून देणारं जाड, आणि एक मधलं. मी तिन्ही अश्विनीला दिली. बारावीच्या डेरिव्हेटिव्हचा, म्हणजे बदलाचा दर काढण्याचा, पहिला धडा तिन्हींतून वाचायचा. अडलं की समासात पेन्सिलने टिंब काढायचं, सुटलं की खोडायचं. एक वाचल्यावर दुसरं सोपं वाटणारच, म्हणून रोज क्रम बदलायला सांगितला. एक मुलगी आणि पाच दिवस, यावरून काही सिद्ध होत नाही हे मला माहीत होतं.

प्राचार्यांनाही माहीत होतं. "मॅडम, पुस्तक निवडता का सून पाहता? मागच्या वर्षी तुम्हीच म्हणाला होता का हेच उत्तम."

"आहेच सर. माझ्यासाठी उत्तम आहे."

"आणि आता एका मुलीच्या म्हणण्यावर बदलायचं?"

"सर, वीसपैकी एकटी तीच चाळीस पानांच्या पुढे गेली. म्हणणं ऐकायला दुसरं कोणी नाही."

ते हसले. "शनिवारी सांगा."

शनिवारी अश्विनी पहिल्या एसटीने आली. मी टिंबं मोजली. जुन्या पुस्तकात तेवीस, त्यांतली चार खोडलेली. जाड पुस्तकात दोन, दोन्ही खोडलेली. मधल्यात नऊ, सात खोडलेली. मी यादीत जाडचं नाव लिहायला घेतलं.

"ते नोका घेऊ, मॅडम."

"का गं? यात तर तू अडलीच नाहीस."

"त्यात सारंच सांगून टाकते. मले काई कराले उरतच नाई. वाचलं का झालं, अन् वही उघडली का काईच येत नाई." तिने मधलं पुस्तक पुढे सरकवलं. "यात अडते, पण मंग सुटते. सकाई भाजी निवडतानी सुटलं एक. आई म्हने, काऊन हासून राह्यली?"

"आणि ही दोन राहिलेली टिंबं?"

"ते राहू द्या. सोमवारी पाहीन."

मी यादीवर मधल्याचं नाव लिहिलं. मग धीर करून अर्जाचं विचारलं.

"घरीच हाय. बाबानं सही नाई केली. म्हने, मॅडमनं थांब म्हटलं हाय."

वीस नव्या प्रती आल्या. जुन्या प्रती शिक्षकांच्या कपाटात गेल्या आणि मी त्या अजूनही आवडीने वापरते. अश्विनीला बारावीला गणितात शंभरापैकी शहात्तर मिळाले, दहावीपेक्षा एकवीसने कमी. आता ती वर्ध्याला बीएस्सी करते आहे, गणित घेऊन.

पुस्तक निवडण्याच्या कामात अनुभव उपयोगी पडतो असं मी नव्या शिक्षकांना सांगत असे. आता एवढंच सांगते, की ज्याला पुस्तक कुठेच अडत नाही त्याने ते एकट्याने निवडू नये.