आंब्याच्या भुशाची भुकटी

तीन वर्षं मी लाकडाचा भुसा शिजवला. डोंबिवलीच्या एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना होता. मोटारींच्या बॅटऱ्यांसाठी लागणारी मिश्रणं तिथे बनायची. बॅटरीत शिशाच्या प्लेटा असतात, आणि त्यातल्या अर्ध्या प्लेटा आतून स्पंजसारख्या पोकळ राहाव्या लागतात. तसं झालं नाही तर चार्ज होता होता शिसं घट्ट बसतं आणि बॅटरी मरते. म्हणून शिशाच्या लेपात चिमूटभर तपकिरी भुकटी घालतात. ती लाकडापासूनच निघते. थंड देशांत कागदाचा लगदा करताना जो काळा रस उरतो, त्यातून ती काढत. आमच्याकडे ती बोटीने यायची आणि कधीकधी महिनोन् महिने यायचीच नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मालक एकदा म्हणाले, "मॅडम, आपल्याकडे लाकूड काय कमी आहे? वखारींत भुशाचे ढीग पडलेत. लोक जाळून टाकतात. तुम्ही करून बघा."

मी केमिस्ट, वय चौतीस, लग्न झालेलं नाही. आई त्याच वर्षी गेली होती. भाऊ नोकरीसाठी बडोद्याला. घरी गेल्यावर बोलायला कुणी नव्हतं, त्यामुळे मी हो म्हटलं.

कारखान्याच्या मागे पत्र्याची एक शेड मला दिली. वासामुळे बाकीचे तिकडे फिरकत नसत. भुसा कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात घालून बंद भांड्यात शिजवायचा, काळा रस गाळायचा, त्यात आम्ल घालायचं. मग तळाशी गाळ बसे. तो धुऊन, वाळवून, दळून भुकटी. ओल्या, करपलेल्या लाकडाचा तो वास केसांत बसायचा आणि दोनदा न्हायलं तरी जायचा नाही. शेजारच्या वहिनींनी एकदा जिन्यात विचारलं, "अहो, तुमच्याकडे काही जळतंय का?" त्यानंतर संध्याकाळी त्यांच्या दारात जाऊन बसायचं मी बंद केलं.

भुसा आणायला मी शहाडच्या एका वखारीत जायची. सागाचा आणला, तो तेलकट निघाला. बाभळीचा आणला, त्याची भुकटी चिकट झाली. शेवटी वखारीतले म्हातारे मुकादम म्हणाले, "आंब्याचा नेऊन बघा. खोक्यांच्या फळ्या कापतो आम्ही. तो भुसा कुणी विचारत नाही." तो जमला. काचेच्या तीन बरण्यांत मी तीन सेल मांडले. एकात भुकटीच नाही, एकात परदेशी, एकात माझी. दर तासाला व्होल्ट वहीत लिहायचे. दीड महिन्यात बिनभुकटीची प्लेट दगडासारखी झाली. माझी परदेशी प्लेटच्या बरोबरीने चालत होती. ती बरणी उचलून कुणाला दाखवावी म्हणून मी शेडच्या दारात आले. जेवणाची सुट्टी होती, आवारात कुणी नव्हतं.

बरणीतली बॅटरी आणि रस्त्यावरची बॅटरी यांत फरक असतो. म्हणून मी माजिवड्याला एका बॅटरीवाल्याकडे गेले. हायवेला लागून त्याची टपरी होती. ट्रकवाल्यांच्या मेलेल्या बॅटऱ्या उघडून तो प्लेटांना हाताने नवा लेप लावून द्यायचा. खाडीकाठच्या कोळीवाड्यातला, साठीला आलेला माणूस. बायको नव्हती, एक मुलगी होती.

"कशाची म्हणता ही भुकटी?"

"आंब्याच्या लाकडाची."

"आंब्याचं लोणचं खाल्लंय ताई, बॅटरीत आंबा नाय घातला कवा." पण त्याने घेतली आणि पाच ट्रकांच्या बॅटऱ्यांत घातली.

मग दर रविवारी मी जाऊ लागले. बॅटऱ्या तपासणीला महिन्याने परत यायच्या, दर रविवारी जायचं काहीच कारण नव्हतं. तेही त्याला कळत होतं. एकदा त्याने विचारलं, "घरी वाट बघनारं कोनी नाय?" मी नाही म्हटलं. "मंग बसा," म्हणाला आणि चहा सांगितला. त्यापुढे माझ्यासाठी एक स्टूल टपरीबाहेर आधीच मांडलेलं असायचं. आम्ही फार बोलत नसू. तो लेप थापायचा, मी बघायची.

एके रविवारी त्याच्या हातून चहाचा ग्लास निसटला. मनगट वर उचललं जात नव्हतं. तो हसला तेव्हा मला हिरड्यांच्या कडेला काळसर निळी रेघ दिसली. शिसं अंगात भिनल्याची ती खूण मी पुस्तकात वाचलेली होती. ओळखायला क्षणही लागला नाही.

आणि मी बोलले नाही. त्या रविवारी नाही, पुढच्याही नाही. चाचणी संपायला दोन महिने उरलेत, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मी बोलले असते तर टपरी बंद झाली असती. मग माझ्या रविवारचं काय, हा विचार मी केला होता. आजही तो मी केला होता हे मला नाकारता येत नाही.

पाचव्या रविवारी मात्र सगळं सांगून टाकलं. तो भडकला. "तीस वर्सं हेच करतोय. आजवर काय झालं नाय, तुमी आलात नि झालं?" मी त्याच्या मुलीला गाठलं. तिने त्याला ओढून सरकारी इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी शिशाला हात लावायला बंदी केली. पुढच्या खेपेला गेले तेव्हा टपरीला कुलूप होतं.

त्याच सुमारास पाचही ट्रकांच्या बॅटऱ्या ठणठणीत असल्याचं कळलं. मालकांनी कारखान्यात पेढे वाटले. मी एक पेढा कागदात गुंडाळून घरी आणला आणि दोन दिवसांनी टाकून दिला.

आंब्याची भुकटी दोन वर्षं चालली. मग आयात मोकळी झाली, परदेशी माल स्वस्तात येऊ लागला, आणि मालकांनी शेड गोदामाला दिली. मला रंगांच्या तपासणीवर बसवलं. त्यानंतरच मी कोळीवाड्यात जायचं धाडस केलं.

मुलीने दार उघडलं. मला ओळखून ती दारातच उभी राहिली. "तुमच्यामुलं बाबा घरी बसले. दिवसभर कोनाशी बोलत नाय." मी म्हटलं, "खरंय." तरी तिने आत घेतलं.

तो मागच्या ओट्यावर खाडीकडे तोंड करून बसला होता. मी शेजारी बसले. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "सांगितलंत ते बरं झालं. मूठ वलते आता." मूठ वळून त्याने दाखवली. पूर्ण वळत नव्हती.

"मला आधीच दिसलं होतं," मी म्हटलं. "महिनाभर बोलले नाही."

त्याने हात पुन्हा मांडीवर ठेवला. ऐकलं होतं की नाही, कळलं नाही. पाणी चढत होतं, समोरच्या चिखलातले बगळे एकेक करून उडाले. अंधार पडायच्या आत मला बस गाठायची होती. मी येते म्हटलं. त्याने मान हलवली, तीही खाडीकडे बघतच.