सोबतीच्या रकान्यात जाऊबाई

सुचित्रा कुणाचं वाईट चिंतत नाही, असं आल्मेरे या आमच्या डच गावातली सगळी मराठी मंडळी म्हणतात. मी म्हणत नाही. रोज सकाळी कामाला जाताना स्लोटरडाइक स्टेशनपर्यंत आम्ही गाडीच्या एकाच डब्यातून जातो, त्यामुळे तिच्या मनात काय शिजतंय ते तिच्या नवऱ्याच्या आधी मला कळतं.

चार वर्षांपूर्वी तिच्या सासूबाई पुण्याहून पहिल्यांदा इकडे आल्या, तेव्हा सगळ्यांची इटलीची सहल ठरली होती. निघायच्या आठवडाभर आधी सासूबाईंचा गुडघा सुजला. थोरली जाऊ नीलांबरी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांदेखत म्हणाली, "आईंजवळ सुचित्रा थांबेल. ती तशीही घरीच असते." सुचित्राचा नवरा यतीन ताटात बघत राहिला. मग तो आणि मुलगी ईशानीसुद्धा गेले. सहा दिवस सुचित्रा सासूबाईंचा गुडघा शेकत होती आणि फोनवर नीलांबरीचे फ्लॉरेन्सचे फोटो येत होते. एकाखाली लिहिलं होतं, "मिस यू." ते वाचून माझंच डोकं फिरलं होतं.

आता सुचित्रा घरी नसते. एका कंपनीत ती युरोपभर धावणाऱ्या ट्रकांच्या वेळा लावते. यंदा सासूबाई पुन्हा आल्या, पुन्हा इटलीचा विषय निघाला आणि थोरले दीर उल्हास म्हणाले, "प्लॅनिंग सुचित्राच करेल. आमच्यात तेवढं डोकं कुणाला आहे?" ती लगेच हो म्हणाली. तिथेच मी ओळखलं.

मिलान, व्हेरोना, फ्लॉरेन्स, रोम. तीन गाड्या. सासूबाईंना आता फार चालवत नाही, म्हणून प्रत्येक गाडीला व्हीलचेअर आधी सांगून ठेवायची होती. त्या फॉर्मवर सोबत कोण, असा एक रकाना होता. सुचित्राने तिन्ही वेळा नीलांबरीचं नाव घातलं. म्हणजे प्रत्येक स्टेशनवर तासभर आधी पोचायचं, मदतनिसांची वाट बघायची आणि व्हीलचेअरच्या डब्यात बसायचं. बाकी चौघांच्या जागा पाच डबे पुढे, एका टेबलाभोवती. "फोटो मी पाठवणार," ती मला म्हणाली. "खाली मिस यू लिहून." खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

निघायच्या तीन दिवस आधी ईशानीने आजीजवळ बसून तो प्लॅन मोबाइलवर उघडला. "ओमा, यू ऑलवेज सिट विथ काकू. नॉट विथ अस?"

सासूबाईंनी चष्मा लावून सगळं वाचलं. ईशानी उठून गेल्यावर त्या सुचित्राला म्हणाल्या, "हे त्या वेळचं आहे ना?"

सुचित्राने मान हलवली.

"तुला माझ्याजवळ थांबव, असं मीच सांगितलं होतं नीलांबरीला. बाथरूमला न्यायचं, साडी सावरायची... तिच्यासमोर मला मेल्याहून मेल्यासारखं होतं गं. तुझ्याजवळ नाही होत. जमलं तर नाव बदल."

हे सगळं तिने मला दुसऱ्या दिवशी गाडीत सांगितलं. मी विचारलं, "मग बदललंस?"

"उद्या दुपारपर्यंत बदलता येतं."

"म्हातारं माणूस आहे, सुचित्रा."

"मला जवळ बोलावून विचारलं असतं ना, चैत्राली, तर मी आनंदाने थांबले असते. पण त्यांनी दुसरीच्या तोंडून मला घरी बसवलं. आणि चार वर्षं मी भलतीवर राग धरून बसले, तेही गप्प राहून बघितलं." मला तिची कीव आली आणि तिची भीतीही वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपार उलटून गेली. संध्याकाळच्या गाडीत ती माझ्या शेजारी येऊन बसली.

"नाव तेच ठेवलंय," ती म्हणाली. "काल नीलांबरी आली होती. आईंना बाथरूमला नेताना साडी कशी धरायची, ते दाखवलं तिला. आईंसमोरच."